भाठ्यावरची वळणं

आमच्या तात्यापाऱ्यात माझ्या घरापासून तिसरं घर नीलकंठ वझलवारांचं. वय छप्पन्न, अंगकाठी किरकोळ, आणि कितीही साबण लावला तरी नखांच्या कडेला एक काळी रेघ कायमची. त्यांचे वडील अमरावतीकडून रेल्वेच्या नोकरीत रायपूरला आले आणि इथलेच झाले. नीलकंठांनी आयटीआय केलं, उरला नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये अकरा वर्षं मशिनी सांभाळल्या, आणि ती मिल बंद पडल्यावर बीरगांवला पत्र्याची शेड घेऊन गॅरेज काढलं. गाडी सुरू करून दाखवायची गरज नसते. हँडल नुसतं हलवून ते सांगतात काय बिघडलंय ते. पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, सगळे त्यांना नीलूभाऊ म्हणतात. मी त्यांच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी, शाळेत तेहतीस वर्षं हिंदी शिकवून निवृत्त झालेली, म्हणून मला ते रमाताई म्हणतात.

माणूस मात्र अबोल. एकदा गणपतीत आम्ही त्यांना आभारप्रदर्शनाला उभं केलं होतं. माईकसमोर आले, घाम पुसला, ‘सगळ्यांचे आभार’ म्हणाले आणि खाली बसले. त्यांची बायको राधिका दोघांच्या वाटचं बोलते. मुलगी स्वरदा शंकर नगरात एका ऑफिसात जाते. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत देते. असं हे घर. यातल्या नीलूभाऊंनी एका कायद्यात दोन-चार ओळी घालायला लावल्या, हे सांगितलं तर अजूनही अर्धा पारा हसतो. मी सोबत होते, म्हणून मीच लिहून ठेवते आहे.

सुरुवात झाली भैय्यालाल साहूंपासून. शहराच्या बाहेर महासमुंदच्या रस्त्याला त्यांची थोडी जमीन आहे. तिथं त्यांनी ‘मस्ती मैदान’ नावाची सहलीची जागा काढली आणि सहा एटीव्ही आणल्या. एटीव्ही म्हणजे चार फुगीर चाकांची उघडी गाडी. हँडल मोटरसायकलसारखं, बसायचं घोड्यावर बसल्यासारखं, आणि खड्डा, दगड, चिखल काहीही असो, ती चढून जाणार. सहातल्या दोन महिनाभरात बंद पडल्या. शहरात कोणी हात लावेना. शेवटी पिकअपमध्ये घालून भैय्यालालनी त्या बीरगांवला आणल्या.

नीलूभाऊंनी असली गाडी तोवर पाहिली नव्हती. त्यांनी पहिलीचा सांगाडा वेगळा केला, सगळे भाग जुन्या चादरीवर ओळीनं मांडले आणि दिवसभर त्यांच्याकडे बघत बसले. राधिका डबा घेऊन गेली तर म्हणाले, ‘‘हे पाहून राहिली का तू? किती सुंदर आहे.’’ राधिका मला म्हणाली, बावीस वर्षांत मला कधी एवढ्या मायेनं पाहिलं नाही.

दोन वर्षांत आजूबाजूच्या जिल्ह्यांतल्या एटीव्ही त्यांच्याकडे यायला लागल्या. धमतरीहून, गरियाबंदहून, एकदा तर जगदलपूरहून. दर शनिवारी ते मस्ती मैदानावर जात, सहाही गाड्यांना तेलपाणी करत, आणि मग एकेक गाडी स्वतः चालवून बघत. ही त्यांची आठवड्यातली सर्वांत आवडती वेळ. मैदानाला लागूनच सेमरडीह गावचा भाठा आहे, म्हणजे लाल मुरमाचं उघडं माळरान. मातीचा थर बोटभर, त्यावर विरळ गवत, झाड एखादंच. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटतं, इथं काहीच नाही. भैय्यालालची गिऱ्हाईकं तिथंच गाड्या पळवत आणि नीलूभाऊही तिथंच चाचणी घेत.

तीन वर्षांपूर्वीच्या मार्चमधली गोष्ट. ते एका गाडीवर जोरात आले, हँडल पूर्ण वळवून गोल फिरले, आणि समोर एक म्हातारी काठी आडवी धरून उभी. मागं तिच्या बकऱ्या. तिचं नाव दुकालहिन बाई. दुष्काळाच्या वर्षी जन्मली म्हणून घरच्यांनी ठेवलेलं नाव, पण बाई अशी टणक की दुष्काळानंच तिला घाबरावं. तिनं आरडाओरडा केला नाही. काठीनं खूण केली, उतर आणि इकडे ये.

नीलूभाऊ उतरले. तिनं चाकाच्या ताज्या खुणेशेजारी बोट दाखवलं. मुरमाच्या रंगाची, ठिपक्यांची तीन अंडी उघड्यावरच पडली होती. घरटं म्हणावं तर चार खडे. खूण आणि अंडी यांत वीतभर अंतर.

‘‘टिटही के अंडा हे,’’ ती म्हणाली. ‘‘तोला नइ दिखे, मोला दिखथे.’’ तुला दिसत नाहीत, मला दिसतात.

टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालत होती. नीलूभाऊ माफी मागायला लागले, पण बाईचं सांगून झालेलं नव्हतं. ती त्यांना चाकांच्या चाकोऱ्यांच्या कडेकडेनं उतारावरून खाली घेऊन गेली. खाली गावचा तलाव, तिच्या भाषेत तरिया. फाल्गुनातच तळ दिसायला लागला होता. तिनं सांगितलं ते असं: या भाठ्यावर पडलेलं पाणी गवतातून हळूहळू उतरून तलावात यायचं. दोन पावसाळे झाले, ते चाकोऱ्यांत शिरतं आणि पळत पळत डांबरी रस्त्याच्या नालीत जातं. जे तलावात येतं ते लाल गाळ घेऊन येतं.

नीलूभाऊ खाली बसले आणि चाकोऱ्यांना हात लावून बघू लागले. सरळ जाताना चाकोरी उथळ होती, बोटभरही नाही. जिथं जिथं वळण होतं, तिथं कोपरभर खोल. आणि का ते त्यांना तत्काळ कळलं, कारण त्या गाड्यांचे मागचे एक्सल त्यांनीच खोलले आणि जोडले होते. मोटार वळताना तिचं आतलं चाक हळू आणि बाहेरचं जोरात फिरू शकतं. या स्वस्त एटीव्हींची मागची दोन्ही चाकं एकाच दांड्याला पक्की बसवलेली असतात. दोघांना सारखंच फिरावं लागतं. त्यामुळे वळताना एक चाक नुसतं घसटतं, आणि जमीन खरवडून काढतं.

‘‘मीच ग्रीस भरून राहिलो होतो ना त्याच्यात,’’ त्यांनी मला नंतर सांगितलं. ‘‘मस्त खरवडावं म्हणून.’’

ते भैय्यालालकडे गेले. भैय्यालाल वाईट माणूस नाही. जाडजूड, हसरा, पाहुण्याला लस्सीशिवाय सोडत नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं, लस्सी पाजली आणि म्हणाला की भैया, सरकारी कागदात ती बेकार जमीन आहे, बेकार जमिनीचं आणखी काय बिघडणार?

नीलूभाऊ लस्सी संपवून उठले. पण त्या शनिवारपासून त्यांनी भाठ्यावर गाडी नेणं बंद केलं आणि रविवारी फावडं घेऊन तिथं जायला लागले. राधिका सोबत. दोघं मिळून वळणांवरचे खड्डे मुरूम टाकून बुजवायचे, पाण्याच्या वाटेवर दगडांची आडवी ओळ लावायचे. दुकालहिन बाई बकऱ्या सोडून शेजारी उकिडवी बसायची आणि कुठला दगड चुकला ते सांगायची. राधिका म्हणायची, मला लग्नात सासू मिळाली नव्हती, देवानं ती इथं ठेवली होती. त्या पावसाळ्यात तलाव थोडा जास्त भरला. फार नाही, पण बाईनं मान डोलावली, आणि ती सहज मान डोलावणारी नव्हती.

हे असं रविवारच्या रविवार चालत राहिलं असतं. ते बुजवायचे, आणि आठवडाभर गाड्या पुन्हा उकरायच्या. मग पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात स्वरदानं सकाळी पेपर वाचता वाचता हाक मारली, ‘‘पापा, इसमें तो आपकी गाड़ियों का नाम है।’’

विधानसभेत एक विधेयक आलं होतं. निसर्गाच्या जागी फिरायच्या वाहनांबद्दलचं. ते प्रवर समितीकडे, म्हणजे आमदारांच्या एका छोट्या समितीकडे तपासायला दिलं होतं आणि समितीनं लोकांकडून सूचना मागवल्या होत्या. मुदत एकवीस दिवस. स्वरदानं मसुदा मोबाईलवर उतरवून घेतला, छापून आणला, आणि नीलूभाऊ ती चौदा पानं घेऊन माझ्याकडे आले.

मसुदा बरा होता, हे सांगायला हवं. जंगलात, अभयारण्यात, नदीच्या पात्रात या गाड्यांना बंदी. प्रत्येक गाडीची नोंदणी. मुलांना चालवायला मनाई. आम्ही दोघं खूश होऊन वाचत चाललो आणि अकराव्या पानावर थांबलो. तिथं लिहिलं होतं की पडीत आणि अनुपयोगी जमिनीला या बंद्या लागू होणार नाहीत.

नीलूभाऊंनी चष्मा काढला. ‘‘ताई, जंगलातून निघालेल्या साऱ्या गाड्या जातील कुठं? भाठ्यावरच ना?’’

मला हे सुचलंच नव्हतं. मी म्हटलं, मग हेच लिहू या.

लिहायला पाच दिवस लागले. ते बोलायचे, मी हिंदीत उतरवायची. तेहतीस वर्षांची सवय, मी सुरुवातीला ‘प्रकृति माता की पावन गोद’ असं काहीतरी छान घातलं होतं. त्यांनी ते वाचलं आणि पेन्सिलनं अलगद खोडलं. ‘‘ताई, हे मी म्हणालो नाई.’’ मग ‘भावी पीढ़ियाँ’ खोडलं. मग एक दोहा खोडला. शेवटी दीड पान उरलं. त्यात एक्सल कसा असतो, वळणावर किती माती निघते, सेमरडीहच्या तलावात पाणी कुठून येतं, टिटवी कोणत्या महिन्यांत अंडी घालते, आणि खाली आठ सूचना. सोबत त्यांनी काढलेली आकृती. इतकी स्वच्छ आकृती मी कुठल्या पाठ्यपुस्तकात पाहिली नाही. दुकालहिन बाईचं नावही घातलं, कारण पाण्याचं सगळं तिनंच सांगितलेलं होतं.

पाठवायच्या आधी ते म्हणाले, भैय्यालालला दाखवून येतो. राधिकेनं विचारलं, ‘‘काहून? तो नाराज होईल ना.’’

‘‘होईल. पण पाठीमागून कळल्यावर जास्त होईल.’’

भैय्यालाल नाराज झाला. त्यानं पत्र शेवटपर्यंत वाचलं, परत दिलं, आणि लस्सी मागवली नाही. पुढच्या सोमवारी सहाही एटीव्ही दुसऱ्या कुठल्यातरी गॅरेजात गेल्या. त्याच्या ओळखीच्या आणखी दोघांनीही आपल्या गाड्या वळवल्या. बीरगांवच्या शेडमध्ये त्या महिन्यात स्कूटी आणि एक जनरेटर, एवढंच काम. मला अपराधी वाटलं, कारण पत्रावरचं अक्षर माझं होतं. राधिका मात्र उडीद वड्यांचं पीठ फेटता फेटता मला म्हणाली, ‘‘मशीन रुसते थे बी ठीक होते, माणूस काहून होणार नाई? तुम्ही चिंता करू नका.’’

जानेवारीत संक्रांत झाली आणि लगोलग समितीचं पत्र आलं. आपली सूचना महत्त्वाची वाटली, सव्वीस तारखेच्या पुढच्या आठवड्यात अमुक दिवशी येऊन समितीसमोर म्हणणं मांडावं. सोबत एका व्यक्तीला आणता येईल.

नीलूभाऊंनी पत्र माझ्या पुढ्यात ठेवलं. ते म्हणाले, ताई, तुम्हीच जा. मी म्हटलं, मला एक्सल येत नाही. मग चार संध्याकाळी माझ्या बैठकीच्या खोलीत सराव चालला. मी अध्यक्ष, राधिका आणि स्वरदा आमदार. ते कागद घेऊन उभे राहायचे आणि तिसऱ्या ओळीला आवाज बसायचा. स्वरदा म्हणाली, ‘‘पापा, आप बोलो मत। आप दिखाओ। आपको दिखाना आता है।’’ हा सल्ला त्यांना एकदम पटला.

म्हणूनच त्या दिवशी विधानसभेच्या फाटकावर त्यांच्या पोत्यातून अडीच फूट लांबीचा, स्वच्छ पुसलेला, दोन्ही टोकांना चाकाच्या तबकड्या बसवलेला लोखंडी एक्सल निघाला.

पहाऱ्यावरच्या जवानानं तो बघितला. दुसऱ्याला बोलावून दाखवला. दोघांनी मिळून अतिशय नम्रपणे सांगितलं की ही वस्तू आत जाणार नाही. मी शिक्षिकेचा आवाज लावून बघितला, काही उपयोग झाला नाही. त्यांचंही बरोबरच होतं. त्या दांड्यानं कोणाचंही डोकं फुटलं असतं. पिशवीतला राधिकेनं दिलेला तिळाच्या लाडवांचा डबा मात्र त्यांनी उघडून, वास घेऊन, आत जाऊ दिला. एक्सल फाटकाशी भिंतीला टेकवून ठेवला गेला. नीलूभाऊ वळून वळून त्याच्याकडे बघत चालले होते.

खोली मोठी, लांब टेबल, टेबलाशी सात जण. मध्यभागी अध्यक्ष, एक साठीच्या आमदारबाई, गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा. भिंतीशी खुर्च्यांवर आमच्यासारखे बोलावलेले लोक. तिथंच, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, भैय्यालाल साहू. गाड्या चालवणाऱ्यांच्या वतीनं त्याला बोलावलं होतं. त्यानं आमच्याकडे बघितलं आणि छताच्या पंख्याकडे बघायला लागला.

नीलूभाऊंचं नाव पुकारलं. ते उठले, कागद उघडला, आणि माझ्या बैठकीच्या खोलीतल्यासारखंच तिसऱ्या ओळीला थांबले. मला वाटलं, आता ‘सबका आभार’ म्हणून खाली बसतात की काय. अध्यक्षबाई म्हणाल्या, कागद राहू द्या, तो आम्ही वाचला आहे. तुम्हाला काय दिसलं ते सांगा.

नीलूभाऊंची नजर टेबलावर फिरत होती. चहा नुकताच होऊन गेला होता, आणि एका ट्रेमध्ये कोणाच्या तरी हातून साखर सांडलेली होती. ते म्हणाले, ‘‘ये ट्रे ले सकता हूँ?’’

कोणीतरी हो म्हणालं. त्यांनी साखरदाणीतली आणखी साखर ट्रेमध्ये ओतली आणि तळहातानं सारखी पसरवली. मग पिशवीतून डबा काढला. तो दुहेरी डबा. वरचं आणि खालचं, दोन्ही झाकणं एकाच मापाची. एकेका झाकणात एकेक तिळाचा लाडू दाबून बसवला आणि दोन लाडवांत माझ्या पेन्सिलीची दोन टोकं खुपसली. राधिकेचे लाडू मऊ असतात, हे बरं. सात आमदारांच्या समोर एक एक्सल तयार झाला.

मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. नीलूभाऊंच्या ते कानावरही गेलं नाही. हातात काम आल्यावर त्यांचा घाम थांबतो.

त्यांनी झाकणं साखरेवरून सरळ चालवली. दोन बारीक रेघा उमटल्या. मग तीच गाडी जागच्या जागी गर्रकन वळवली. एक झाकण फिरेना. ते साखर ढकलत, खरवडत गेलं आणि ट्रेचा तळ दिसायला लागला. कडेला साखरेचा बांध. ‘‘ये भाठा है,’’ ते म्हणाले. ‘‘ऊपर की मिट्टी इतनी ही है। एक बार निकल गई तो बरसों नहीं आती।’’

आता एकेक आमदार उठून ट्रेभोवती जमायला लागले. अध्यक्षबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. नीलूभाऊंनी खरवडलेला भाग तसाच ठेवून शेजारची साखर सारखी केली आणि तीच गाडी मोठ्या, संथ वळणानं फिरवली. साखर जेमतेम हलली. मग त्यांनी टेबलावरच्या पेल्यातून थोडं पाणी ट्रेच्या वरच्या टोकाला टाकलं, ट्रे किंचित तिरपा केला आणि पाणी खरवडलेल्या रेघेतून कसं पळतं ते दाखवलं. दुकालहिन बाईनं जे सांगितलं होतं ते तसंच्या तसं सांगितलं, तिचं नाव घेऊन. पाणी कुठं यायचं, आता कुठं जातं. तलावावर किती घरं अवलंबून आहेत. टिटवी उघड्यावर का अंडी घालते. सलग बारा-पंधरा मिनिटं बोलले. मी भिंतीशी बसून ऐकत होते. या माणसाच्या शेजारी मी तीस वर्षं राहते आहे, आणि एवढी वाक्यं एकत्र कधी ऐकली नव्हती.

एका आमदारांनी विचारलं, मग गाडी बदलायची की वळण?

‘‘गाड़ी बदलने में समय लगेगा,’’ नीलूभाऊ म्हणाले. ‘‘मोड़ तो कल से बदल सकते हैं।’’

अध्यक्षबाईंनी ते वाक्य लिहून घ्यायला सांगितलं. मग विचारलं की तुमचं पोट याच गाड्यांवर आहे ना, मग त्या बंद करा असं का नाही म्हणत? नीलूभाऊ जरा लाजले. ‘‘चलाने में बहुत मज़ा आता है, मैडम। मुझे भी।’’ या वेळी सगळेच हसले, आणि तेही.

पुढचं नाव भैय्यालालचं होतं. त्याच्या हातात चार पानांचं निवेदन होतं, की नियम कशाला, धंदा बुडेल, वगैरे. तो उठून टेबलापाशी आला. ट्रेमध्ये बघितलं. मग निवेदनाची घडी करून खिशात घातली आणि म्हणाला, ‘‘मेरे यहाँ के मोड़ छोटे हैं। बड़े करवा दूँगा। बस, चलाने दीजिए।’’

बाहेर आल्यावर फाटकापाशी एक्सल होता तसा उभा होता. नीलूभाऊंनी एक टोक उचललं. दुसरं टोक उचलायला एक जाड हात पुढं आला. भैय्यालाल. वास्तविक तो दांडा एकट्यानं सहज उचलण्यासारखा, पण दोघांनी मिळून गाडीपर्यंत नेला. गाडीशी पोचल्यावर भैय्यालालनं विचारलं की चाकांचे लाडू उरलेत का. नीलूभाऊंनी डबा पुढं केला. पेन्सिलीचं भोक असलेला लाडू त्यानं खाल्ला आणि सांगितलं की सोमवारी दोन गाड्या पाठवतो, त्या दुसऱ्या माणसाला त्यातलं काही कळत नाही.

विधेयक मार्चच्या अधिवेशनात सुधारणांसह संमत झालं. आठातल्या तीन सूचना आल्या. ‘अनुपयोगी’ शब्द गेला. उघड्या कोरड्या माळावरही गाडी फक्त आखलेल्या वाटेवर चालेल, ती वाट ग्रामसभेच्या संमतीनं ठरेल, आणि वळण किती मोठं असावं तेही ठरलेलं. मार्चपासून पावसाळा संपेपर्यंत वाट बंद. नंबरप्लेट दुरून वाचता यावी इतकी मोठी हवी, ही सूचना मात्र आली नाही, आणि त्याबद्दल नीलूभाऊ अजून कुरकुर करतात. ‘‘सगळ्यात सोपी थेच होती, ताई.’’ एका पेपरात चार ओळींची बातमी आली. त्यात त्यांचं आडनाव वझलवारच्या ऐवजी ‘वजनदार’ छापलं. किरकोळ अंगाच्या माणसाला वजनदार म्हणायची संधी तात्यापारा कशाला सोडतो! पानवाल्यापासून पोट्ट्यांपर्यंत सगळे महिनाभर तीच हाक मारत होते. त्यांना राग आला नाही. राधिकेनं ती बातमी कापून देवघराच्या फळीला चिकटवली.

मग खरं काम सुरू झालं. सेमरडीहची ग्रामसभा पिंपळाच्या पारावर भरली. आम्ही सगळे गेलो. वाट द्यायची की नाही यावर दीड तास वाद झाला. काही म्हणाले, अजिबात नको. तरण्या मंडळींना हवी होती, कारण भैय्यालालनं गावातल्या सहा जणांना कामावर घ्यायचं कबूल केलं होतं. दुकालहिन बाई शेवटी उठली. म्हणाली, द्या, पण तलावाच्या उताराकडे नाही, त्या पलीकडच्या अंगाला द्या, आणि रेघ मी दाखवीन तिथून मारा. पिंपळाखाली सगळ्यांनी ‘हव’ म्हणत होकार दिला.

रेघ मारायला पावसाळा उतरल्यावरचा एक दिवस ठरला. नीलूभाऊंनी प्रत्येक वळणाच्या मध्यावर खुंटी ठोकली, खुंटीला दोर बांधला, आणि दोराच्या टोकाशी चुन्याची पिशवी घेऊन फिरले. शाळेत कंपासनं काढतो तसं वर्तुळ, फक्त शेताएवढं. दोर ताणून धरायला गावातले लोक, भैय्यालाल, मी आणि स्वरदा. स्वरदा चुन्यानं पांढरी झाली आणि पहिल्यांदाच पूर्ण मराठी वाक्य बोलली, ‘‘बाबा, दोर ढिला होऊन राहिला.’’ राधिकेनं माझ्याकडे पाहून डोळे मोठे केले. म्हातारी पुढं चालत होती. जिथं ती काठी टेकवायची तिथं खुंटी, जिथं नाही म्हणायची तिथं नाही. एका ठिकाणी तिनं पूर्ण वाट दहा हात सरकवायला लावली, कारण तिथं घोरपडीचं बीळ होतं. बाकीच्या भाठ्याच्या कडेनं गावानं दगडांची ओळ लावली.

त्या पावसाळ्यात भाठ्यावर गाड्या बंदच होत्या, तेव्हा तलाव कसा भरला ते मी पाहून आले. घाटाच्या वरच्या पायऱ्यांवर बायका धुणं धूत होत्या. खालच्या पायऱ्या पाण्यात होत्या. पाणी अजून पुरतं निवळलेलं नव्हतं. दुकालहिन बाई म्हणाली, अजून दोन पावसाळे लागतील.

आता नीलूभाऊंना दुसऱ्या गावांतूनही बोलावणी येतात. कांकेरकडची एक पंचायत, बालोदकडच्या दोन. वळण आखून द्या म्हणून. ते खुंट्या, दोर आणि चुना घेऊन जातात, राधिका डबा घेऊन. कुठंही गेले की आधी विचारतात, इथं बकऱ्या कोण चारतं? मग त्या माणसाला घेऊन दिवसभर माळावर हिंडतात, आणि दुसऱ्या दिवशी खुंट्या ठोकतात. सभेत बोलायचं असलं की अजूनही घाम येतो. तेव्हा ते ट्रे आणि साखर मागतात.

वाट पहिल्यांदा उघडली तो दिवस सांगून थांबते. दसरा झाला होता. भैय्यालालनं नारळ फोडला. पहिली फेरी नीलूभाऊंनी मारावी असं ठरलं. ते गाडीवर बसले, हेल्मेट घातलं, आणि एवढ्यात दुकालहिन बाई काठी माझ्या हातात देऊन पुढं झाली. म्हणाली, एवढी वाट दाखवली, आता मीही बघते काय असतं ते. तिला मागं बसवायला दोघं-तिघं धावले, पण ती बसलीसुद्धा होती. तिच्यासाठी दुसरं हेल्मेट आणलं. ते तिनं लुगड्याच्या पदरावरूनच चढवलं आणि नीलूभाऊंच्या कमरेला घट्ट धरलं.

‘‘धीरे,’’ तिनं सांगितलं.

ते हळूच निघाले. सरळ वाट, मग पहिलं मोठं वळण, मग दुसरं. लांबून दोन हेल्मेटं सावकाश गोल फिरताना दिसत होती. बकऱ्या दगडांच्या ओळीपलीकडे उभ्या राहून बघत होत्या. फेरी पूर्ण करून गाडी आमच्यापाशी थांबली. आम्हाला वाटलं, उतरेल. तिनं नीलूभाऊंच्या पाठीवर थाप मारली.

‘‘अउ एक घाँव,’’ ती म्हणाली. आणखी एकदा.

तीन फेऱ्या झाल्या. मग ती उतरली, माझ्या हातातून काठी घेतली, चालत पहिल्या वळणापाशी गेली आणि वाकून माती बघितली. नीलूभाऊ हेल्मेट काढून उभे होते, निकालाच्या दिवशी पोरं उभी राहतात तसे. तिनं बोटानं माती चाचपली, मान डोलावली आणि बकऱ्यांना हाक मारत निघून गेली.